मांडीवरचा संगणक, मानेवरचा भार : लॅपटॉपच्या वापरातील निदानपरिवर्जन

मान अवघडली आहे, खांदा जड झाला आहे, रात्री हाताच्या बोटांना मुंग्या येतात, अशी व्यथा घेऊन येणारा रुग्ण आज आपणां सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. पूर्वी असा रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेला असे. आता तो पंचविशी-तिशीतलाही असतो, आणि त्याच्या एका खांद्यावर काळी पिशवी असते. ती पिशवी तो आपल्या टेबलाशेजारी भिंतीला टेकवून ठेवतो, व्यथा सांगतो, औषध घेतो आणि पिशवी पुन्हा त्याच खांद्यावर अडकवून निघून जातो. आपण त्याची नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, मलप्रवृत्ती विचारतो. त्या पिशवीकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

आमचेही गेले नव्हते. काही वर्षांपूर्वी हिंजवडी येथे संगणक क्षेत्रात नोकरी करणारा एकतीस वर्षांचा एक तरुण मन्याशूलासाठी आमच्याकडे आला. स्थानिक स्नेहन, पत्रपिंडस्वेद, नस्य आणि आभ्यंतर गुग्गुळकल्प असा क्रम आम्ही योजला. त्याने सुट्टी घेऊन उपचार केले आणि आठवड्यात वेदना निम्म्याहून कमी झाली. कामावर रुजू होताच पुढील पंधरा दिवसांत ती पूर्ववत झाली. असे तीन वेळा घडले. चौथ्या खेपेस त्यानेच विचारले, "डॉक्टर, तेलाने बरे वाटते, मग ते टिकत का नाही?" आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. सहज सुचले म्हणून आम्ही त्यास लॅपटॉप काढून नेहमीप्रमाणे बसावयास सांगितले. त्याने तो मांडीवर घेतला, पाठ कमानीसारखी वाकवली, हनुवटी छातीकडे नेली आणि म्हणाला, "असाच बसतो, रोज सात-आठ तास." तीन महिन्यांत आम्हांस न उमगलेला हेतू त्या एका दृश्यात समोर आला.

चिकित्सेचे सार सुश्रुताचार्यांनी निदानपरिवर्जन या एका शब्दात सांगितले आहे. हेतू तसाच चालू ठेवून केलेली चिकित्सा म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. परंतु लॅपटॉप वर्ज्य करा, असे आज कोणत्याही रुग्णास सांगता येत नाही. तो त्याच्या उपजीविकेचे साधन आहे. तेव्हा येथे परिवर्जन करावयाचे ते यंत्राचे नव्हे, तर यंत्र वापरण्याच्या व वाहण्याच्या विषम रीतीचे. ही रीत कोणती, ती शरीरास का बाधते आणि ती कशी पालटावी, याचा विचार आम्ही या लेखात आपल्यापुढे मांडीत आहोत.

यंत्राच्या रचनेतील अडचण

प्रथम यंत्र समजून घेतले पाहिजे. उचलून नेता येईल असा संगणक म्हणून १९८१ साली बाजारात आलेला ऑस्बोर्न-१ सुमारे अकरा किलो वजनाचा होता. त्याचा कळफलक, म्हणजे कीबोर्ड, पेटीच्या झाकणात बसविलेला असे आणि उघडल्यावर तारेने जोडलेला, पण वेगळा राही. पुढील वर्षी, १९८२ मध्ये, ग्रिड कंपास हा संगणक आला. बिल मॉग्रिज यांनी त्याची रचना करताना पडदा बिजागरीने कळफलकावर मिटेल अशी योजना केली. वजन सुमारे पाच किलोवर आले. शिंपल्यासारखी मिटणारी हीच घडण आजही बहुतेक सर्व लॅपटॉपांची आहे.

वाहण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. बसण्याच्या दृष्टीने मात्र एक कायमची अडचण उत्पन्न झाली. हात सुखाने चालावयाचे तर कळफलक कोपराच्या उंचीवर हवा. मान सुखात राहावयाची तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली हवी. कोपर आणि डोळे यांत सुमारे दोन वितींचे अंतर असते, आणि बिजागरी तर पडदा व कळफलक यांना एकत्र बांधून ठेवते. परिणामी कळफलक योग्य जागी ठेवला की मान वाकते आणि पडदा योग्य जागी नेला की खांदे व मनगटे वर उचलली जातात. या यंत्रावर दीर्घकाळ काम करणाऱ्याच्या शरीराचा एक ना एक भाग विषम अवस्थेत राहणार, हे रचनेतच ठरलेले आहे. रुग्णास केवळ "ताठ बसा" असे सांगून भागत नाही याचे कारण हेच. तो पाच मिनिटे ताठ बसतो आणि अक्षरे दिसावीत म्हणून पुन्हा वाकतो.

यंत्राचे नावही दिशाभूल करणारे आहे. लॅप म्हणजे मांडी. मांडी ही या यंत्राची सर्वांत अयोग्य जागा होय, कारण तेथे पडदा डोळ्यांपासून सर्वाधिक खाली जातो. आपल्याकडे पोथी वाचणारा ती मांडीवर न ठेवता चौरंगावर ठेवीत असे आणि जमिनीवर बसून लिहिणारे मुनीम उतरते मेज पुढे घेत. ग्रंथास मान देण्याची ती रीत वाचकाच्या मानेचीही काळजी घेत होती.

हेतू आणि संप्राप्ति

मन्यास्तंभाची कारणे सांगताना सुश्रुताचार्यांनी दिवास्वाप, विषम रीतीने बसणे-उभे राहणे आणि मान वळवून वर पाहत राहणे यांचा निर्देश केला आहे, आणि कफाने आवृत झालेला वायू हा विकार करतो असे म्हटले आहे. चरकाचार्यांनी शारीर कर्माच्या मिथ्यायोगात विषम रीतीने अंग ठेवण्याचा समावेश केला आहे. लॅपटॉपवर वाकून बसणे हा असा मिथ्यायोग होय, आणि तो रोज सात-आठ तास घडत असल्याने त्यात कालाचीही भर पडते. एकाच अवस्थेत स्थिर राहिल्याने मन्या व अंसप्रदेशी स्तंभ आणि गौरव येते; पुढे रौक्ष्य वाढून शूल, आणि कंडरांचा आश्रय घेतल्यास विश्वाचीसारखी बाहूपासून बोटांपर्यंत जाणारी लक्षणे दिसतात.

आधुनिक शरीरशास्त्राची भाषा निराळी असली तरी वर्णन याहून दूर नाही. प्रौढ माणसाच्या मस्तकाचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. मान सरळ असता हे वजन मणक्यांच्या स्तंभावर तोलले जाते. मान पुढे वाकली की ते तोलून धरण्याचे काम ग्रीवेच्या मागील पेशींवर येते. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचे गणित प्रसिद्ध केले. त्यानुसार मान १५ अंश वाकली असता ग्रीवेवरील भार सुमारे १२ किलो, ३० अंशांत १८, ४५ अंशांत २२ आणि ६० अंशांत २७ किलो होतो. हे आकडे संगणकीय प्रतिकृतीवरून काढलेले आहेत, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेले नाहीत. त्यामुळे ते रुग्णास सांगताना प्रमाण म्हणून नव्हे, तर कल्पना यावी म्हणून सांगावेत. तरीही मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याची मान किती वाकते हे एकदा बाजूने पाहिले, म्हणजे त्या कल्पनेचे मोल कळते.

मस्तक व ग्रीवा यांच्या संधीवर कृकाटिका, खांद्यावर अंस, पाठीवर अंसफलक, कोपरावर कूर्पर आणि मनगटावर मणिबंध, अशी मर्मे या एका कामात गुंतलेली असतात. त्यांतील मणिबंध हे रुजाकर मर्म आहे. टेबलाच्या धारदार कडेवर मनगट टेकवून तासन् तास टंकलेखन करणारा रुग्ण या मर्मावर सतत पीडन करीत असतो, हे ध्यानी घ्यावे.

प्रश्नपरीक्षेत भर

आमचा अनुभव असा की पुढील पाच प्रश्न विचारल्यास हेतूचा शोध बहुधा लागतो. लॅपटॉप कोठे ठेवता : टेबलावर, मांडीवर, की अंथरुणात? सलग किती वेळ न उठता बसता? चष्मा कोणता आहे? पिशवी कोणत्या खांद्यावर घेता आणि प्रवास कशाने करता? वेदना आठवड्याच्या कोणत्या दिवशी कमी असते?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु रविवारी उतरणारी आणि मंगळवारपासून चढणारी वेदना आपला हेतू स्वतःच सांगत असते. शक्य असल्यास रुग्णास लॅपटॉपसह बोलवावे आणि समोर बसवून पाहावे. २०२० च्या टाळेबंदीपासून अनेकांचे काम घरी आले. स्वयंपाकघरातील ओटा, जेवणाचे टेबल, दिवाण, मुलांचा अभ्यासाचा कोपरा, जेथे जागा मिळेल तेथे लोक बसू लागले, आणि त्या तात्पुरत्या जागांपैकी कित्येक पुढे कायम झाल्या. म्हणून घरच्या बैठकीचे छायाचित्र बाजूने काढून आणावयास सांगणे उपयुक्त ठरते. दर्शनपरीक्षेचा हा विस्तारच होय.

बैठकीची मांडणी

उपाय बिजागरीच्या अडचणीतूनच निघतो. पडदा आणि कळफलक एकत्र बांधलेले असल्याने त्रास होत असेल तर त्यांना वेगळे करावे. वेगळा कळफलक व माऊस काही शे रुपयांत मिळतो. तो लॅपटॉपला जोडून कोपराच्या उंचीवर ठेवावा आणि लॅपटॉप जाड पुस्तकांवर किंवा लाकडी पाटावर उंच करावा. मध्यम बांध्याच्या माणसास सामान्यतः त्याच्या स्वतःच्या अंगुळांनी आठ ते दहा अंगुळे उंची पुरते. पडदा हात लांब केला असता बोटे टेकतील इतक्या अंतरावर असावा.

खुर्चीत बसताना कटी मागे टेकलेली, पाठीच्या खालच्या पोकळीस आधार, आणि पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत. खुर्ची उंच असून पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट घ्यावा. पाठीमागे गुंडाळलेला पंचा किंवा छोटी उशी पुरते; महागडी खुर्ची आणल्यावाचून सुधारणा होणार नाही, असा समज रुग्णाने करून घेऊ नये. खांदे सैल, कोपर शरीरालगत, मनगट सरळ. टंकलेखन थांबले की हात मांडीवर ठेवावेत, टेबलाच्या कडेवर नव्हे. खिडकी पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे न येता बाजूस असावी, म्हणजे चकाकी टाळण्यासाठी मान तिरकी होत नाही.

जमिनीवर बसण्याची सवय असणाऱ्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. बुडाखाली चार बोटे जाडीची गादी घेऊन पाठ भिंतीस टेकवावी आणि यंत्र चौरंगावर ठेवावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मात्र खुर्चीच पत्करावी. अंथरुणात पालथे पडून काम करण्यास आम्ही स्पष्ट नकार देतो, कारण तेव्हा मान मागे मुडपून वर पाहावे लागते.

वर पाहण्याचा उल्लेख आला, म्हणून आमची एक चूक येथे नोंदवितो. चोपन्न वर्षांच्या एका प्राध्यापिकेस आम्ही वरीलप्रमाणे पडदा उंच करावयास सांगितले. तीन आठवड्यांनी त्या आल्या, त्या वाढलेली वेदना घेऊन. मानेच्या मागे, डोक्याच्या पायथ्याशी शूल होता. सूचना त्यांनी काटेकोरपणे पाळली होती. मग आम्ही त्यांस बसवून पाहिले. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा होता. जवळचे वाचण्याचे भिंग खालच्या भागात असल्याने उंचावरील पडदा वाचण्यासाठी त्या हनुवटी वर करून पाहत होत्या. एका मिथ्यायोगातून काढून आम्ही त्यांना दुसऱ्यात टाकले होते, आणि तो दुसरा सुश्रुताचार्यांनी वर पाहत राहणे म्हणून शब्दशः सांगून ठेवलेला होता. आम्ही तो वाचला होता, शिकविलाही होता. पण चष्म्याशी त्याचा संबंध जोडला नव्हता. पडदा चार अंगुळे खाली आणला आणि नेत्रतज्ज्ञाकडून केवळ पडद्याच्या अंतराचा स्वतंत्र चष्मा करून घेतला, तेव्हा त्यांस उतार पडला. तेव्हापासून दुहेरी किंवा चढत्या क्रमांकाचे भिंग असणाऱ्या रुग्णास पडद्याची उंची सांगण्यापूर्वी आम्ही त्याची हनुवटी पाहतो.

मांडी आणि उष्णता

मांडीवरील यंत्राची उष्णता हा वेगळा विचार आहे. २०१० साली पीडिॲट्रिक्स या नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या चिकित्सकांनी बारा वर्षांच्या एका मुलाचे वृत्त दिले. रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्याने त्याच्या डाव्या मांडीच्या त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग उमटले होते. शेकोटीजवळ दीर्घकाळ बसणाऱ्यांस होणारा विकार तो हाच. त्वचा भाजत नाही, म्हणून रुग्णास वेळीच कळतही नाही.

पुरुष रुग्णांच्या बाबतीत शुक्रवह स्रोतसाचे मूल असलेल्या वृषणांचाही विचार करावा लागतो. २००५ मध्ये ह्यूमन रिप्रॉडक्शन या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत २९ निरोगी पुरुषांनी तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवला असता वृषणकोषाचे तापमान सुमारे २.६ ते २.८ अंश सेल्सिअसने वाढले. लॅपटॉपवाचून नुसत्या मांड्या जुळवून बसल्यानेही ते सुमारे २.१ अंशांनी वाढले होते. म्हणजे उष्णतेइतकाच वाटा बसण्याच्या रीतीचाही आहे. यावरून वंध्यत्व येते असा निष्कर्ष काढणे योग्य नाही, आणि रुग्णास घाबरविणे तर मुळीच योग्य नाही. परंतु शुक्रक्षयासाठी किंवा अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या पुरुषास वाजीकरण योग लिहून देताना लॅपटॉप मांडीवरून टेबलावर ठेवावयास सांगणे, हे आपले कर्तव्य होय. उशीवर ठेवून काम करणेही टाळावे; त्याने यंत्राची हवा जाण्याची छिद्रे बुजतात व ते अधिक तापते.

वाहून नेण्याची रीत

भारवहन हा वातप्रकोपाचा जुनाच हेतू आहे. लॅपटॉप स्वतः दीड ते अडीच किलोचा असतो. पण रुग्ण केवळ लॅपटॉप वाहत नाही. चार्जर, लिटरभर पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, छत्री, वह्या आणि रिकामी असताही किलोभर भरणारी पिशवी, असे मिळून ओझे सहज सहा-सात किलोंवर जाते. किती ते अनुमानाने सांगू नये. आपल्या चिकित्सालयात वजनकाटा असतोच. रुग्णाचे वजन एकदा पिशवीसह आणि एकदा पिशवीवाचून घ्यावे आणि फरक त्यासच वाचावयास सांगावा. आमच्या दीर्घ उपदेशाने जे साधले नाही, ते या दोन आकड्यांनी साधल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

शाळकरी मुलांसाठी केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. मोठ्यांसाठी तसा नियम नाही. तरी रोजच्या प्रवासासाठी तेच प्रमाण मनात धरण्यास हरकत नसावी. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीने सात किलोंची पिशवी रोज दोन वेळा वाहणे तिच्या अंसमर्मास परवडणारे नव्हे. चार्जर कार्यालयात एक व घरी एक ठेवता आला तर उत्तम. बाटली रिकामी न्यावी व पोहोचल्यावर भरावी. आठवड्यातून एकदा पिशवी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी. तळाशी साठलेल्या अनावश्यक वस्तूंचे वजन पाहून रुग्णासच आश्चर्य वाटते.

एका खांद्यावरील पिशवी घसरू नये म्हणून तो खांदा नकळत वर उचललेला राहतो, आणि मान विरुद्ध बाजूस झुकते. म्हणून दोन रुंद पट्ट्यांची, पाठीवरची पिशवी घ्यावी, आणि दोन्ही पट्टे खरोखर दोन्ही खांद्यांवर घ्यावेत. लॅपटॉपचा कप्पा पाठीलगत असावा, कारण जड वस्तू शरीरापासून जितकी दूर, तितका तिचा ओढा अधिक. पिशवीचा तळ कमरेखाली लोंबू नये. एकच पट्टा असलेली पिशवी अपरिहार्य असेल तर पट्टा विरुद्ध खांद्यावरून तिरका घ्यावा आणि वाटेत बाजू बदलावी. पिशवी उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. जड पिशवी झटक्याने खांद्यावर फेकण्याच्या सवयीने अंसशूल झालेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीमुळे पिशवी पुढे छातीवर घ्यावी लागते. तेथे उभे राहावयाचे असेल तर ती वरच्या फळीवर ठेवावी. तास-दीड तास छातीवर ओझे घेऊन उभे राहणारा मागे झुकतो आणि कटिशूल ओढवून घेतो. पुण्यातील दुचाकीस्वाराची स्थिती वेगळी. रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याचा धक्का पाठीवरच्या पिशवीसह खांद्यांवर येतो. त्याने पट्टे इतके लांब करावेत की पिशवी पाठीलगत राहूनही तिचा तळ आसनावर टेकेल. विमानतळावर किंवा दीर्घ प्रवासात चाकांची पेटी वापरण्यास संकोच करू नये.

विराम, वेग आणि नेत्र

मांडणी कितीही निर्दोष केली तरी तीत सलग चार तास बसणे निर्दोष होत नाही. सर्वांस लागू पडेल असे एकच आदर्श आसन सांगता येत नाही. जे सहज आहे आणि वेळोवेळी बदलले जाते, ते चांगले. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे. त्या वेळी खांदे मागे फिरवावेत, हनुवटी सावकाश आत ओढून सोडावी, मुठी मिटाव्या-उघडाव्यात. मान गरगर गोल फिरविण्याचा व्यायाम आम्ही सांगत नाही. व्यायामाची अर्धशक्तीची मर्यादा येथेही पाळावी.

या कामात गुंग झालेला माणूस मूत्रवेग, क्षुधा, तृष्णा, निद्रा हे सारे पुढे ढकलतो. हा वेगधारणाचा प्रकार वातप्रकोपास थेट हातभार लावतो. आम्ही रुग्णास सांगतो की पाण्याचे पात्र टेबलावर न ठेवता दूर ठेवावे. तहान लागली की उठावे लागेल, आणि प्यायलेले पाणी थोड्या वेळाने पुन्हा उठवील. विरामाची आठवण करून देणारे याहून विश्वासू साधन आम्हांस ठाऊक नाही.

नेत्रांचे निमेष-उन्मेष पडद्यासमोर मंदावतात. १९९३ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञांनी कार्यालयीन कर्मचाऱ्यांची पाहणी केली असता विश्रांतीत मिनिटास सरासरी २२, पुस्तक वाचताना १० आणि पडद्यासमोर ७ वेळा पापण्या लवल्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, रूक्षता, लाली ही शुष्काक्षिपाकाच्या जवळची लक्षणे त्यामुळे वाढतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात. डोळे शिणले की माणूस पडद्याकडे झुकतो, आणि डोळ्यांचा विकार मानेत उतरतो.

चिकित्सेची जागा

हेतू दूर झाल्यावर आपल्या चिकित्सेचे खरे सामर्थ्य दिसते. स्तंभ व गौरव प्रधान असता प्रथम रूक्षस्वेद, शूल व रौक्ष्य प्रधान असता स्नेहन करून स्निग्धस्वेद, ऊर्ध्वजत्रुगत विकारात नस्य, आणि घरी रोज मान-खांदे-हातांस अभ्यंग, हा क्रम आपणां सर्वांस ज्ञात आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

काही लक्षणे मात्र लॅपटॉपच्या माथी मारू नयेत. हाताची पकड क्षीण होणे, वस्तू हातून गळणे, चालताना तोल जाणे, मलमूत्रावरील नियंत्रण सुटणे, अपघातानंतरची मानदुखी, ज्वर किंवा वजन घटण्यासह येणारा शूल, अशा वेळी मर्दन अथवा स्वेद न करता रुग्णास विलंब न लावता तज्ज्ञांकडे पाठवावे. डाव्या खांद्यात व बाहूत शूल असून छातीत दडपण, घाम किंवा श्वास लागणे असेल तर हृद्रोगाचा विचार प्रथम करावा. ग्रीवेस झटका देऊन मणके बसविण्याचे प्रयोग आपण करू नयेत आणि रुग्णास करूही देऊ नयेत.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या तरुणाने वेगळा कळफलक घेतला, लॅपटॉप चार जुन्या पाठ्यपुस्तकांवर ठेवला आणि पिशवीतून सव्वादोन किलो वजन कमी केले. आम्ही पूर्वीचीच चिकित्सा पुन्हा एकदा केली. या वेळी उतार टिकला. वेदना पूर्णपणे गेली असे आम्ही म्हणणार नाही. कामाचा ताण वाढला, जागरण झाले की ती डोके वर काढते. परंतु त्यानंतर पंचकर्मासाठी त्यास रजा घ्यावी लागलेली नाही. तेच तेल, तेच नस्य, तोच रुग्ण. मध्ये पालटली ती एक बैठक.

जाता जाता एक विनंती. रुग्णपत्रके, लेखा आणि पत्रव्यवहार यांसाठी आता आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावरही लॅपटॉप आला आहे. रुग्ण बोलत असता आपण तिरके होऊन त्यात टिपणे करतो, आणि दिवसाअखेरी मान चोळीत घरी जातो. हा लेख वाचून झाल्यावर आपण स्वतः कसे बसलो आहोत, हे घरच्या कोणास बाजूने पाहावयास सांगावे. जी मांडणी आपण स्वतः करून पाहिली आहे, तीच रुग्णास निःशंकपणे सांगता येते, असे आम्हांस वाटते.